रविवारची सुटी सुरू करणारे प्राचार्य ईश्वरचंद्र विद्यासागर

विधवा पुनर्विवाहाचा १८५६ चा कायदा आणि बंगाली गद्याची घडण यांसाठी पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते. शिक्षणसंस्थांची धुरा वाहणाऱ्यांना मात्र त्यांच्या जीवनातील आणखी एक बाजू विचार करायला लावणारी आहे.

बंगालमधील वीरसिंह या गावी २६ सप्टेंबर १८२० रोजी एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ज्या संस्कृत महाविद्यालयात ते शिकले, त्याच कोलकात्याच्या महाविद्यालयाचे ते १८५१ मध्ये प्राचार्य झाले. तेथे प्रतिपदा व अष्टमी या तिथींना अध्यापन बंद ठेवण्याची प्रथा होती. विद्यासागरांनी ती मोडून रविवारची साप्ताहिक सुटी सुरू केली. कडक उन्हाळ्यात दीर्घ सुटीची व्यवस्थाही त्यांनी केली.

इतरांच्या विश्रांतीची अशी काळजी वाहणाऱ्या या प्राचार्यांच्या स्वतःच्या दिनक्रमात विसाव्याला स्थान नव्हते. १८५५ मध्ये प्राचार्यपद सांभाळूनच त्यांनी चार जिल्ह्यांतील शाळांच्या तपासणीचे काम स्वीकारले. अल्पावधीत वीस आदर्श शाळा उभ्या राहिल्या. याच काळात मुलांसाठी पाठ्यपुस्तकांचे लेखन आणि पुनर्विवाहाची चळवळही सुरू होती. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ या काळात त्यांनी मुलींच्या ३५ शाळा काढल्या. सरकारने त्यांना कायम अनुदान नाकारले, तेव्हा वर्गणी जमवून व पदरमोड करून त्यांनी शक्य त्या शाळा चालवल्या. अतिश्रमाने प्रकृती ढासळली आणि वरिष्ठांशी मतभेदही वाढले. अखेर १८५८ मध्ये वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांनी सरकारी सेवेचा राजीनामा दिला.

तरीही कामाचा व्याप कमी झाला नाही. डिसेंबर १८६६ मध्ये उत्तरपाडा येथील कन्याशाळा पाहून परतताना त्यांची गाडी उलटली. या अपघातात झालेल्या इजेतून ते पुढे कधीच पूर्ण बरे झाले नाहीत. कौटुंबिक मतभेदांमुळे १८६९ मध्ये त्यांनी जन्मगावही सोडले.

त्यानंतरच्या काळात, आज झारखंडमध्ये असलेल्या करमाटाड येथे त्यांनी बागेसह एक घर घेतले. मोकळी हवा, आमराईची निगा आणि संथाळ शेजाऱ्यांना होमिओपॅथीची औषधे देणे यात ते रमत. मात्र कोलकात्यातील मेट्रोपॉलिटन संस्थेची जबाबदारी त्यांनी सोडली नाही, त्यामुळे हा निवास सलग नसे. २९ जुलै १८९१ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

संस्थेच्या वेळापत्रकात विश्रांतीला हक्काची जागा देणाऱ्या विद्यासागरांना स्वतःसाठी ती शोधायला शरीर थकेपर्यंत सवड मिळाली नाही. त्यांनी उभारलेल्या कार्याचा वारसा सांगताना हा धडाही विसरता येणार नाही. ज्या करमाटाडने त्यांना विसावा दिला, तेथील रेल्वे स्थानक आज विद्यासागर या नावाने ओळखले जाते.