अत्र्यांचे हसू कुणाच्या बाजूचे?

आपल्या चळवळीत विनोदाला मानाचे पान क्वचितच मिळते. आपले दुःख शतकांचे, आपली लढाई माणूसपणाची. तेथे हसायला सवड कुणाला, असा एक समज कार्यकर्त्यांत रुजला आहे. हा समज आपल्याच इतिहासाला धरून नाही. सत्यशोधक जलशांनी भटजी आणि सावकार यांची भर गावात रेवडी उडवली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलशांतून लोकांना हसवता हसवता शहाणे केले. तेव्हा विनोद असावा की नसावा, हा प्रश्नच नाही. ज्याच्या हातात काठी आहे त्याची फजिती करायची, की ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याची, हा खरा प्रश्न आहे. मराठीतील सर्वांत गाजलेला विनोदी लेखक, प्रल्हाद केशव अत्रे, याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे.

अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी पुरंदर तालुक्यात, सासवडजवळच्या कोडीत गावी, ब्राह्मण कुटुंबात झाला. कऱ्हा नदीच्या काठी बालपण गेले. म्हणूनच पुढे त्यांनी आपल्या आत्मचरित्राला 'कऱ्हेचे पाणी' असे नाव दिले. शिक्षण पुण्यात झाले. पदवीनंतर ते शिक्षक झाले आणि पुणे लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापकही झाले. १९२८ साली लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. मुलांसाठी त्यांनी 'नवयुग वाचनमाला' तयार केली. लोकांनी त्यांना आचार्य म्हटले. नाटक-सिनेमाच्या झगमगाटात त्यांच्यातला शिक्षक पुढे झाकला गेला, पण तो शेवटपर्यंत गेला नाही.

लेखक म्हणून अत्रे पहिल्यांदा गाजले ते 'झेंडूची फुले' या संग्रहाने. 'केशवकुमार' या नावाने लिहिलेला हा विडंबनसंग्रह १९२५ साली आला आणि त्या काळच्या कवीमंडळींची पार दाणादाण उडाली. मात्र हे हसू अजून पुण्याच्या वाड्यातलेच होते. सुशिक्षितांनी सुशिक्षितांची केलेली ती थट्टा. वाड्याबाहेरच्या वस्तीशी तिचा संबंध नव्हता.

रंगभूमीवर मात्र हे हसू वाड्याच्या पायालाच भिडले. १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार'पासून अत्र्यांची नाटके धडाक्याने येऊ लागली. 'घराबाहेर', 'उद्याचा संसार', 'लग्नाची बेडी' यांत त्यांनी पांढरपेशा घरातील ढोंग आणि बाईची घुसमट रंगमंचावर मांडली. १९३८ च्या 'ब्रह्मचारी' चित्रपटात ब्रह्मचर्याच्या सोंगाची टर उडवली, तर 'बुवा तेथे बाया' या नाटकात बुवाबाजीची. बुवांवर नाटक लिहिणे आज सोपे वाटेल. पण याच महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. बुवांना हसणे किती महाग पडू शकते, हे त्यावरून कळावे.

वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक जास्त जवळचे वाटते. माधव काझी नावाच्या भामट्याच्या गाजलेल्या खटल्यावरून अत्र्यांनी ते लिहिले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला. प्रभाकर पणशीकरांनी फिरत्या रंगमंचावर एकाच भामट्याची पाच रूपे उभी केली. निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे त्यातलाच, आणि राधेश्याम महाराजही त्यातलाच! लग्नाचे आमिष दाखवून बायकांना लुबाडणारा हा आरोपी पिंजऱ्यात उभा राहून सगळेच नाकारतो. फसवल्या गेलेल्या बाईची फिर्याद आली की पहिले प्रश्न तिच्याच चारित्र्यावर होतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. नाटकातल्या साक्षीदार बायकांना अत्र्यांनी हसण्याचा विषय केले नाही. पणशीकरांच्या अभिनयामुळे प्रेक्षक कधी कधी लखोबाच्याच प्रेमात पडतो, हा धोका आहेच. पण लेखकाचे बोट भामट्याकडेच रोखलेले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. अत्रे फुल्यांकडे आणि बाबासाहेबांकडे कसे आले? पुण्याच्या नगरपालिकेत ते काँग्रेसतर्फे निवडून गेले होते. ज्या पुण्याने जोतीरावांवर आणि सावित्रीमाईंवर शेण-दगड फेकले, त्याच पुण्यातल्या रे मार्केटला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात अत्र्यांनी पुढाकार घेतला. पुढे त्यांनी जोतीरावांवर चित्रपटच काढला. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले, सुलोचना सावित्रीबाई झाल्या आणि खुद्द गाडगेबाबांचे कीर्तन त्यात आले. १९५४ साली या चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर राहिले. ज्यांना बाबासाहेबांनी गुरू मानले, त्यांच्यावरचा हा चित्रपट होता. त्या आधीच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले होते. 'महात्मा फुले'ला रौप्यपदक मिळाले. फुल्यांचे समग्र वाङ्मय शासनाने प्रसिद्ध केले ते १९६९ साली. त्याच्या पंधरा वर्षे आधी, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत जोतीराव पडद्यावरून पोहोचत होते, हे विसरून चालणार नाही.

मावळच्या माणसाला त्या १९५४ सालाची आणखी एक आठवण आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तळेगाव दाभाडे येथे त्यांचे घर होते. अत्र्यांचाही बंगला याच वाटेवर, खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर होता. लोणावळा-खंडाळ्याला येणारे पर्यटक चिक्की घेऊन, धुके पाहून परत जातात. महाराष्ट्र घडवणारी दोन माणसे या रेल्वेच्या वाटेवर घर करून होती, हे त्यांना सांगणारी पाटी आपण कधी लावणार?

पत्रकार अत्रे हा आणखी मोठा अध्याय आहे. १९४० साली त्यांनी 'नवयुग' साप्ताहिक काढले आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीला त्याचा खास अंक काढला. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' दैनिक सुरू झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते रणशिंगच ठरले. त्या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. समितीत शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन होते. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप यांच्या खांद्याला खांदा लावून आपली माणसे लढली. १९५७ च्या निवडणुकीत अत्रे दादरमधून आमदार झाले. त्यांच्या सभांना लाखांनी माणसे जमत. सत्तेवर बसलेल्यांची खिल्ली उडवून त्यांनी सामान्य माणसाच्या मनातली सरकारची भीती घालवली. गिरणीतल्या कामगाराला मंत्र्याला हसायला शिकवणे, हे लहान काम नव्हते.

'मराठा' जेमतेम तीन आठवड्यांचा होता तेव्हा ६ डिसेंबर १९५६ उजाडला. दिल्लीहून बाबासाहेबांचे पार्थिव मुंबईला, राजगृहावर आणले गेले. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या समोर श्रद्धांजलीचे भाषण केले ते अत्र्यांनी. उभ्या महाराष्ट्राला हसवणारा हा माणूस त्या दिवशी हुंदक्यांच्या त्या समुद्रापुढे बोलला. 'मराठा'तून त्यांनी बाबासाहेबांवर लिहिलेले लेख पुढे 'दलितांचे बाबा' या नावाने पुस्तकरूपात आले. त्या काळातील सवर्ण वृत्तपत्रांची आपल्याशी वागणूक ज्यांनी भोगली, त्यांना या लेखांची किंमत वेगळी सांगायला नको.

याचा अर्थ अत्र्यांची आरती ओवाळायची असा नाही. व्यक्तिपूजा बाबासाहेबांनाही मान्य नव्हती. अत्र्यांची लेखणी अनेकदा तोल सोडून धावली. विचार खोडण्याऐवजी माणसाचे खासगी आयुष्य आणि शरीर हेच त्यांनी कितीदा तरी टीकेचे लक्ष्य केले. अतिशयोक्ती हा त्यांचा स्वभाव होता आणि वैर हे व्यसन. आज चॅनेलवर आणि मोबाईलवर जी शिवराळ भाषा चालते, तिचे समर्थन करायला लोक अत्र्यांचे नाव घेतात. पण त्यांची शिवी उचलायची आणि त्यांचे धाडस, अभ्यास आणि मराठीवरची हुकूमत मात्र सोडून द्यायची, ही शुद्ध चोरी आहे!

त्यांची जात पाहून त्यांना बाजूला सारणेही बरोबर नाही. महाडच्या सत्याग्रहात मनुस्मृती जाळताना बाबासाहेबांसोबत गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. माणूस कुठल्या घरात जन्मला यापेक्षा ऐन वेळी तो कुणाच्या बाजूला उभा राहिला, हे चळवळीने तपासले आहे. अत्र्यांचे हसू पुण्याच्या वाड्यात जन्मले. पण ते तेथे अडकून पडले नाही. विडंबनातून ते बुवाबाजीवर आले, बुवाबाजीतून सत्तेवर आले, आणि आपल्या सर्वांत काळ्या दिवशी ते थांबून आपल्या दुःखात सामील झाले. हा प्रवास मान्य करण्यात आपला कमीपणा नाही.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतिदिनी सासवडला आणि मुंबईत कार्यक्रम होतात. आपल्या मावळातल्या विहारांतही त्या दिवशी 'दलितांचे बाबा'चे वाचन व्हावे, 'महात्मा फुले' चित्रपट मुलांना दाखवला जावा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या पोरापोरींनी नवे जलसे लिहावेत. ज्या व्यवस्थेने आपल्याला रडवले तिला भर चौकात हसायला शिकणे, हीदेखील लढाईच आहे. फक्त ते हसू आपल्याहून दुबळ्यावर कधी वळू नये.