व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी वीर यशवंतराव घाडगे



मागच्या वर्षी बाबांबरोबर दाखला काढायला मी माणगावच्या तहसील कचेरीत गेलो होतो. रांग मोठी होती, म्हणून मी आवारात फिरत होतो. तिथे एका सैनिकाचा पुतळा दिसला. हे कोण, असं मी बाबांना विचारलं. हे आपल्याच तालुक्यातले यशवंतराव घाडगे, असं बाबांनी सांगितलं. तेव्हापासून त्यांच्याविषयी जे वाचायला मिळालं ते इथे लिहीत आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव इथे झाला. आपल्या रायगड जिल्ह्याला त्या वेळी कुलाबा जिल्हा म्हणत. मोठे झाल्यावर ते मराठा पलटणीत भरती झाले. या पलटणीचे मुख्य ठाणे बेळगावला. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख हिंदी जवान लढले. यशवंतरावही त्यांपैकीच एक. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक होते. नाईक म्हणजे बाहीवर दोन फिती असलेला, आठ-दहा जवानांच्या सेक्शनला पुढे नेणारा माणूस.

१९४४ साली त्यांची बटालियन इटलीत होती. त्या देशात जर्मन सैन्य ठाण मांडून बसले होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात डोंगर आणि टेकड्या फार. एकेका टेकडीवर शत्रूच्या मशीनगन लपवलेल्या असत.

१० जुलै १९४४ चा दिवस उजाडला. यशवंतरावांचा सेक्शन पुढे सरकत होता. इतक्यात अगदी जवळून मशीनगनचा भडिमार सुरू झाला. सेक्शनमधले सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. एकटे यशवंतराव उभे राहिले. मागे फिरले असते तरी त्यांना कुणी दोष दिला नसता. पण ते मागे फिरले नाहीत. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. आधी त्यांनी हातबाँब टाकला. मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा मेला. मग टॉमी गनने त्यांनी आणखी एकाला टिपलं. गनमधल्या गोळ्या संपल्या. दुसरं मॅगझिन लावायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. ठाणं पडलं. पण लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि यशवंतराव त्याच जागी धारातीर्थी पडले. त्यांचं वय तेव्हा अवघं बावीस वर्षांचं होतं.

खरं सांगायचं तर हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. ती माणसंही कुणाची तरी मुलं असतील, असं मनात आलं. युद्ध म्हणजे खेळ नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

या पराक्रमाबद्दल यशवंतरावांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. हे पदक १८५६ साली सुरू झालं. ते काशाचं असतं आणि त्याची फीत तांबडी असते. ब्रिटिश सैन्यातलं शौर्याचं हे सर्वांत मोठं पदक. हिंदी शिपायांना ते मिळण्याची सोय १९११ नंतरच झाली. इटलीच्या लढाईत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी ६ हिंदी जवानांनी मिळवले. मराठा पलटणीला दोन मिळाले. दुसरे मानकरी नगर जिल्ह्याचे नामदेवराव जाधव. त्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. ते सुखरूप घरी परतले आणि १९८४ साली वारले.

यशवंतराव मात्र परतले नाहीत. त्यांचं पदक १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नीने घेतलं. इटलीत त्यांची समाधीसुद्धा नाही. कॅसिनो इथे, ज्यांच्या कबरीचा पत्ता लागला नाही अशा ४००० हून अधिक जवानांची नावं दगडावर कोरली आहेत, त्यांत त्यांचं नाव आहे. पुढे २०२३ साली इटलीतल्या मोंतोने या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं गेलं. कुठे पळसगाव आणि कुठे मोंतोने! पण सूर्य दोन्हीकडे तोच.

आमचा दादा सैन्यभरतीसाठी रोज पहाटे धावायला जातो. आई त्याला भाकरी बांधून देते, पण तो दिसेनासा होईपर्यंत दारातच उभी राहते. पूर्वी मला याचं हसू यायचं. आता येत नाही. पदक छातीवर लागतं ते सगळ्यांना दिसतं, पण घरच्यांनी काय दिलं ते दिसत नाही. म्हणून माझी विनंती आहे, माणगावला गेलात तर त्या पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबा. नमस्कार करा. एक यशवंतरावांना आणि एक त्यांच्या घरच्यांना.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी