रुडॉल्फ डिझेल : चाचणीतले इंजिन आणि बाजारातले इंजिन

जालना जिल्ह्यातील आष्टीसारख्या गावांच्या शिवारात विहिरीवरची मोट मागे पडली, ती पुष्कळ ठिकाणी डिझेल इंजिनामुळे. इंजिनावरच्या पट्टीवर पाच अश्वशक्ती असे कोरलेले असले, तरी पाटात पाणी किती पडते यावरच शेतकरी त्याची परीक्षा करतो. ज्यांचे नाव या इंजिनाला मिळाले, त्या रुडॉल्फ डिझेल यांचे आयुष्य नेमक्या याच दोन मापांच्या कात्रीत सापडले होते.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये, एका जर्मन कारागिराच्या घरी झाला. १८७० च्या युद्धात कुटुंबाला फ्रान्स सोडावे लागले. मुलाची रवानगी ऑग्सबर्गला नातलगांकडे झाली. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत कार्ल फॉन लिंड यांच्या हाताखाली शिकताना वाफेचे इंजिन इंधनातील बहुतांश उष्णता वाया घालवते, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. १८९३ साली त्यांनी आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. त्यात सुमारे ७३ टक्के कार्यक्षमतेची आशा दाखवली होती. या आकड्यावर भाळून ऑग्सबर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांनी भांडवल दिले. मात्र सिद्धान्तात सांगितलेल्या रीतीने इंजिन चालणार नाही, हे डिझेल यांना लवकरच उमगले. दाब, ज्वलनाची पद्धत, सारे बदलावे लागले. १० ऑगस्ट १८९३ च्या पहिल्याच प्रयोगात दाब नोंदवणारे उपकरण फुटले.

१७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकचे प्राध्यापक मॉरिट्झ श्रोएटर यांनी सुधारित इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. रॉकेलवर चालणारे ते एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सुमारे १५४ फेरे घेत होते. ब्रेकवर मोजलेली शक्ती भरली १७.८ अश्वशक्ती आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. सिलिंडरमध्ये निर्माण होणाऱ्या शक्तीपैकी जवळपास चौथा हिस्सा यंत्राच्या घर्षणात आणि पंपात जात असे. म्हणूनच सिलिंडरमधला मोठा आकडा न घेता ब्रेकवरचा आकडा घेणे हीच प्रामाणिक मोजणी होती. वाफेच्या बहुतेक इंजिनांना तेव्हा दहा टक्केही मुश्किलीने गाठता येत. आकडा खरा होता आणि अपूर्वही होता.

खोट होती ती मांडणीत. त्याच वर्षी १६ जूनला कासेल येथे जर्मन अभियंत्यांच्या सभेत हे निष्कर्ष सादर झाले, तेव्हा इंजिन जणू मूळ सिद्धान्ताचीच सिद्धी असल्याचे चित्र उभे राहिले. शिवाय ते विक्रीयोग्य असल्याचा निर्वाळाही देण्यात आला. निष्णात माणसांच्या देखरेखीखाली कारखान्यात चाललेले एकच इंजिन, आणि त्यावरून बाजाराचा निष्कर्ष! अमेरिकेतील मद्यउत्पादक अडॉल्फस बुश यांनी त्याच साली दहा लाख मार्क मोजून तेथील हक्क विकत घेतले.

१८९८ मध्ये केम्प्टनच्या काड्यापेटीच्या कारखान्यात बसवलेल्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनाने सर्वांना हैराण केले. अन्यत्र विकलेली इंजिनेही परत येऊ लागली. डिझेल यांची प्रकृती ढासळली, त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. इंजिन भरवशाचे केले ते ऑग्सबर्गच्या अभियंत्यांनी, पुढची कित्येक वर्षे खपून. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले; मराठवाड्याच्या वाचकाला ही गंमत विशेष वाटावी.

जुने हिशेब मात्र मिटले नाहीत. १९१२ मध्ये डिझेल यांनी जहाजबांधणी अभियंत्यांपुढे आपल्या शोधाचा इतिहास सांगितला, तेव्हा मूळ सिद्धान्त आणि प्रत्यक्ष इंजिन यांतील अंतरावर प्राध्यापकांनी कठोर बोट ठेवले. १९१३ साली योहान्नेस ल्यूडर्स यांनी तर डिझेल ही दंतकथाच असल्याचा सूर लावणारे पुस्तक काढले. ही टीका अन्यायाची होती, कारण संपीडित हवेच्या उष्णतेने इंधन पेटवून काटकसर साधण्याचे यश खरे होते. पण टीकेला जागा करून दिली होती ती कासेलच्या मांडणीनेच.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या ड्रेस्डेन बोटीवरून डिझेल नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू मुलाने ओळखल्या. मागे राहिलेल्या कागदपत्रांत संपत्तीपेक्षा कर्जच अधिक निघाले.