चित्रांना चालायला लावणारे वॉल्ट डिस्ने

वॉल्ट डिस्ने यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो या शहरी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव इलायस व आईचे नाव फ्लोरा. एकूण पाच भावंडे. त्यात वॉल्टचा नंबर चौथा. पुढे वडिलांनी मार्सेलीन या छोट्या गावाजवळ शेती घेतली. म्हणजे डिस्नेसुद्धा आपल्यासारखेच गाईगुरांत वाढले. शेजारच्या डॉक्टरांच्या घोड्याचे चित्र काढून त्यांनी लहानपणीच पैसे मिळवले, असे सांगतात.

परंतु शेती चालली नाही. १९११ साली ते सगळे कॅन्सस सिटी या शहरात गेले. तेथे वॉल्ट व त्यांचे थोरले भाऊ रॉय पहाटे अंधारात उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकायचे. थंडीत बर्फ पडला तरी सुट्टी नाही. मग शाळेत त्यांना डुलक्या यायच्या. तरी त्यांनी चित्रे काढणे सोडले नाही.

मोठेपणी त्यांनी हलत्या चित्रांची कंपनी काढली. ती १९२३ साली बुडाली. मग त्यांनी हॉलिवूडला जाऊन रॉय यांच्यासोबत नवीन काम सुरू केले. त्यांनी एक ससा तयार केला. तो लोकांना फार आवडला, पण १९२८ साली त्या सशावरचा हक्क दुसऱ्यांकडे गेला. तरी डिस्ने रडत बसले नाहीत. त्याच वर्षी मिकी उंदीर आला. त्याला चित्रात उतरवले अब आयवर्क्स या त्यांच्या मित्राने आणि पुष्कळ वर्षे आवाज दिला डिस्ने यांनी.

नंतर त्यांनी हिमगौरी आणि सात बुटके या गोष्टीवर मोठा चित्रपट काढायचे ठरवले. चित्रांचा एवढा लांब चित्रपट कोण बघणार, म्हणून लोक हसले. रॉय आणि वॉल्ट यांच्या पत्नी लिलियन यांनीही नको म्हटले. पैसे संपत आले. तेव्हा अर्धवट चित्रपट बँकेच्या माणसाला दाखवून कर्ज घ्यावे लागले. अखेर २१ डिसेंबर १९३७ रोजी चित्रपट लागला आणि लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. १९३९ साली त्यांना ऑस्कर मिळाले. एक मोठी बाहुली आणि सात छोट्या. ते शर्ली टेंपल या बालनटीने दिले. ती तेव्हा १० वर्षांची, म्हणजे माझ्याएवढीच होती.

हा चित्रपट मी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे पाहिला. मामाजवळ त्याची परदेशी ब्लू-रे तबकडी आहे. ती निळसर किरणाने वाचतात. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे २० लाखांहून जास्त ठिपके मिळून पडद्यावरचे एक चित्र होते, म्हणून फार स्वच्छ दिसते. इंग्रजी मला थोडेच कळले. पण हरणे ताटल्या चाटून साफ करतात तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

मामाने मला गणित घातले. चित्रपट ८३ मिनिटांचा. एका सेकंदात २४ चित्रे. मी गुणाकार केला तर १ लाख १९ हजार ५२० आले! मामा म्हणाला, काही चित्रे दोनदा दाखवतात, तरी काम भयंकर आहे. पारदर्शक पत्र्यांवर शाईने रेघ ओढायची, मागून रंग भरायचा. हे काम बहुतेक बायका करायच्या. हिमगौरीच्या गालांची लालीसुद्धा त्यांनीच हाताने लावली. ती लाली मला अगदी स्पष्ट दिसली. मी सुरुवातीची नावे परत लावायला सांगितली. त्यात त्या बायकांची नावे नव्हती.

१९४१ साली डिस्ने यांच्या चित्रकारांनी संप केला. पगार बरा मिळावा, चित्रपटात नाव यावे, संघटना मान्य व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. डिस्ने फार रागावले. पण मला वाटते चित्रकारांचे बरोबर होते. आपल्या गावात आया-आज्या गोधड्या शिवतात, त्यावरही नाव नसते. पण गोधडी कोणाची ते घरात सर्वांना ठाऊक असते. चित्रपट तर साऱ्या जगात जातो. तिकडे कोणाला कसे कळणार?

१९५५ साली डिस्ने यांनी मुलांसाठी डिस्नेलँड ही मोठी बाग उघडली. १५ डिसेंबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. कंपनी बुडाली, ससा गेला, लोक हसले, तरी ते डगमगले नाहीत. हा गुण आपण सर्वांनी घ्यावा.

अशा या थोर कलावंताला माझा प्रणाम. आणि हिमगौरीच्या गालावर लाली लावणाऱ्या त्या सगळ्या मावश्यांनाही माझा प्रणाम.

इयत्ता ४ थी