विक्रम साराभाई
विक्रम अंबालाल साराभाई (१२ ऑगस्ट, १९१९ : अहमदाबाद – ३० डिसेंबर, १९७१ : कोवळम) हे भारतीय अंतराळ कार्यक्रमाचे जनक मानले जाणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. तारा न पोहोचलेल्या खेड्यांत उपग्रहाद्वारे शिक्षण न्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने १९६९ साली नासाशी करार झाला. त्यातून १९७५-७६ मध्ये सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते. पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रास ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किमी उंचीवर असतो. एकतर्फी प्रक्षेपणात त्यामुळे होणारा पाव सेकंदाचा विलंब जाणवत नाही. इंटरनेटवर मात्र मागणी व उत्तराच्या प्रत्येक फेरीस अर्धा सेकंद जातो. तरीही दुर्गम गावांसाठी उपग्रहाचा मार्ग आजही उपयोगी ठरतो.