डॉक्टर लिव्हिंग्स्टन व त्यांचे नाशिकचे सोबती

आफ्रिका खंडातील घनदाट अरण्ये व त्यांत राहणारे मनुष्यसदृश वानर प्रत्यक्ष पाहावेत, अशी उत्कंठा आमच्या विद्यार्थिबंधूंपैकी पुष्कळांच्या मनात असते. हल्ली हे काम पैशाचे असले तरी अशक्य कोटीतील नाही. टांझानिया देशात टांगानिका सरोवराच्या काठी किगोमा नावाचे शहर आहे. तेथून नावेने उत्तरेस गेले की गोंबेचे अरण्य लागते, व वाटाड्या बरोबर घेऊन चिंपांझी वानरांचे कळप पाहता येतात. मात्र माणसांचे सर्दी-खोकल्यासारखे रोग त्या प्राण्यांस जडतात, म्हणून त्यांच्यापासून दूर उभे राहावे लागते. परंतु सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी, जेव्हा त्या प्रदेशाचा पुरता नकाशाही कोणाजवळ नव्हता, तेव्हा तिकडे जाण्याच्या एका मोठ्या प्रवासाची सिद्धता आपल्या मुंबईत व नाशिकात झाली होती, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. तो प्रवास करणारे गृहस्थ म्हणजे डॉक्टर डेव्हिड लिव्हिंग्स्टन. त्यांचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे. त्यातही जो भाग आपल्या प्रांताशी निगडित आहे त्यावर आम्ही अधिक रेंगाळणार आहोत.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ब्लँटायर गावी १९ मार्च १८१३ रोजी झाला. घरची गरिबी, त्यामुळे दहाव्या वर्षी त्यांस सूतगिरणीत जावे लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत काम. परंतु पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून या मुलाने लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले व चात्यांच्या यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येताजाता वाक्य वाक्य पाठ केले. पुढे ग्लासगोस वैद्यकीचे शिक्षण झाले. त्यांचा मूळ मानस चीनला जाण्याचा होता, पण तिकडे अफूचे युद्ध जुंपल्यामुळे ते आफ्रिकेस वळले व १८४१ साली दक्षिण टोकाला उतरले. १८४४ मध्ये एका सिंहाने त्यांच्या डाव्या दंडाचे हाड चावून मोडले. हे मोडलेले हाड वाचकांनी ध्यानात ठेवावे, त्याचे काम पुढे पडणार आहे. १८५५ साली झांबेझी नदीवरील प्रचंड धबधबा त्यांनी पाहिला व त्यास आपल्या राणीचे नाव दिले. पुढच्या वर्षी ते खंडाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. या प्रवासाने त्यांची कीर्ती झाली. त्यानंतरची सरकारी खर्चाची झांबेझीवरील मोहीम मात्र फसली. १८६२ मध्ये पत्नी मेरी तापाने वारल्या, सोबत्यांशी बेबनाव झाला व शेवटी सरकारने मोहीम मागे बोलाविली. डॉक्टरसाहेब एकट्याने जितके चालत तितके इतरांस बरोबर घेऊन चालणे त्यांस साधत नसे, असे आमचे मत आहे.

मोहीम मोडल्यावर हाती राहिली ती 'लेडी न्यासा' नावाची एक लहानशी आगबोट. ती आफ्रिकेत विकली असती तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडली असती, म्हणून ती मुंबईस नेऊन विकावी असे त्यांनी ठरविले. तीन युरोपियन, सात झांबेझीकडील गडी व दोन मुलगे एवढ्यांनिशी, कोळसा अपुरा म्हणून बहुतेक वाट शिडांवर, अडीच हजार मैलांचा समुद्र त्यांनी तोडला व पावसाळा अगदी तोंडावर आला असता, १३ जून १८६४ रोजी, ते मुंबई बंदरात शिरले. बोट इतकी लहान की ती आल्याचे प्रथम कोणाच्या लक्षातही आले नाही.

त्या दोन मुलांची नावे चुमा व वेकोटानी. १८६१ साली गुलामांच्या एका तांड्यातून त्यांची सुटका झाली होती. डॉक्टरांनी त्यांस मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले व आपण विलायतेस गेले. सप्टेंबर १८६५ मध्ये ते परत मुंबईस आले ते नाईल नदीचा उगम शोधून काढण्याचा व गुलामांचा व्यापार जगासमोर आणण्याचा संकल्प करूनच.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांनी त्यांस पुष्कळ साह्य केले. सहा हजार पौंडांची आगबोट अवघ्या दोन हजार तीनशेंस विकली गेली, व तेही पैसे ज्या पेढीत ठेविले ती पेढी लवकरच बुडाली. त्या काळी कापसाच्या तेजीने मुंबईस सट्ट्याचे वेड लागले होते, त्याची झळ अशा परक्या मनुष्यासही लागली.

आता माणसांची जमवाजमव. नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसाहत स्थापन केली होती. अरबी समुद्रात इंग्रजी लढाऊ गलबतांनी गुलामांची जहाजे पकडली म्हणजे त्यांतील अनाथ आफ्रिकन मुले या वसाहतीत पाठविली जात व तेथे लिहिणे-वाचणे आणि सुतारकाम, लोहारकाम अशा विद्या शिकत. आमच्या शहरातील वाचकांस यात नवल वाटू नये. आपले शहर ज्याने १६१० साली खडकी या नावाने वसविले तो मलिक अंबर लहानपणी हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेलाच मुलगा होता. शरणपूरहून नऊ तरुण डॉक्टरांबरोबर निघाले. त्यांशिवाय चुमा, वेकोटानी व झांबेझीकाठचा सुसी, तसेच मुंबईच्या पलटणीतील काही शिपाई. ५ जानेवारी १८६६ रोजी ही मंडळी मुंबईहून झांजीबारास निघाली.

किनाऱ्यावर उतरल्यावर सहा उंट, तीन म्हशी व एक पारडू, दोन खेचरे व चार गाढवे असा लवाजमा होता. त्सेत्से नावाच्या माशीच्या दंशाने तिकडे गुरे मरतात. रानटी रेडे मरत नाहीत, तर आपल्या पाळीव म्हशीही टिकतील, असा डॉक्टरांचा तर्क होता. तर्क फसला व जनावरे एकामागून एक मेली. शिपाई रेंगाळू लागले, जनावरांस मारझोड करू लागले, म्हणून त्यांस परत पाठवावे लागले. जोहाना बेटातील गडी पळून गेले व डॉक्टर मारले गेले अशी खोटी बातमी त्यांनी पसरविली. १८६७ च्या जानेवारीत औषधांची पेटी चोरीस गेली, तेव्हा आपल्यास मृत्यूची शिक्षाच झाली असे त्यांस वाटले. नाशिकचे सर्वच तरुण शेवटपर्यंत टिकले असेही नाही. १८७० मध्ये पश्चिमेकडील मान्येमा प्रांतात पुढे जाण्यास पुष्कळांनी नकार दिला, तेव्हा सुसी, चुमा व नाशिकचा एडवर्ड गार्डनर हे तिघेच त्यांच्या मागे उरले.

याच मान्येमा प्रांतात बंबारे गावी पायांच्या क्षतांमुळे डॉक्टर कित्येक महिने अडकून पडले, व तेथेच त्यांस त्या वानरांचा परिचय घडला. तेथील लोक त्यास सोको म्हणत. डॉक्टरांनी त्यास गोरिला समजले. पण तो चिंपांझी असावा असे आज मानले जाते. लोक त्याची शिकार करीत व मांस खात. मार्च १८७१ मध्ये, आई मारली गेलेले सोकोचे एक मादी पिल्लू एका अरब व्यापाऱ्याने त्यांस दिले. वीतभर-दोन वीत उंचीचे हे पिल्लू त्यांच्या चटईवर शेजारी बसून राही. ते तळहात टेकून चालत नाही, तर मिटलेल्या बोटांच्या पाठीवर भार देते, हे डॉक्टरांनी अचूक टिपले. उचलून घ्या म्हणून ते हात पुढे करी. न घेतल्यास माणसाच्या मुलासारखे तोंड वेडेवाकडे करून रडे. गवत-पाला भोवती ओढून ते आपले घरटे करी. मोठ्या सोकोस मात्र त्यांनी फार कुरूप ठरविले आहे. आम्हांस तो निवाडा अन्यायाचा वाटतो. ज्या गोंबेचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तेथे १९६० साली जेन गुडाल या बाईंनी या वानरांचा अभ्यास आरंभिला, व डॉक्टर जेथे विसाव्यास येत ते उजीजी गाव त्याच सरोवराच्या काठी, किगोम्याच्या शेजारीच आहे.

१५ जुलै १८७१ रोजी न्यांग्वे गावच्या भरल्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी गोळ्या झाडून शेकडो माणसे मारली. बहुतेक स्त्रिया होत्या. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत हे घडले. याच व्यापाऱ्यांच्या आश्रयाने आपण इतके दिवस अन्न खाल्ले, हे शल्य घेऊन ते उजीजीस परतले. तेथे त्यांस हेन्री स्टॅन्ले भेटला. हा अमेरिकन वार्ताहरही मुंबईहूनच निघाला होता. त्याच्याबरोबर परत जाण्यास डॉक्टरांनी नकार दिला. स्टॅन्लेने झांजीबाराहून नवे गडी पाठविले, त्यांत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन इत्यादी शरणपूरचे सहा विद्यार्थी होते. ज्या लुआलाबा नदीस डॉक्टर नाईल समजत होते ती वस्तुतः कांगो होती. परंतु हे कळण्यापूर्वीच, १ मे १८७३ रोजी, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते मृत झालेले आढळले.

आता त्या गड्यांपुढे प्रश्न उभा राहिला. धनी मेला, मजुरी देणारा कोणी नाही, प्रेत बरोबर आहे असे कळले तर वाटेतील लोक जादूटोण्याच्या भयाने अंगावर येणार. तेथेच पुरून घरी गेले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु सुसी, चुमा व इतरांनी देह समुद्रापर्यंत नेण्याचा निश्चय केला. हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले; जेकब वेनराइटने प्रार्थना वाचली व झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली. देह मीठ घालून चौदा दिवस उन्हात सुकविला, कापडात व सालीत गुंडाळून गाठोडे केले, आणि हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, बागामोयोच्या किनाऱ्यास आणिला. वाटेत कॅमेरन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. वाटेत काही सोबती मरणही पावले.

लंडनला देहाची ओळख पटली ती सिंहाने मोडलेल्या त्या दंडाच्या हाडावरून. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर येथे दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत नाशिकचा जेकब वेनराइट होता. सुसी व चुमा यांस मात्र दफनविधी उरकल्यावर विलायतेस नेण्यात आले. डॉक्टरांच्या अखेरच्या रोजनिशीची छपाई चालू असता त्यांनी तीत पुष्कळ माहितीची भर घातली. झांजीबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार डॉक्टरांच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने, जून १८७३ मध्ये, केला होता. त्याची बोलणी करण्यास गेले होते ते मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रीअरच. शरणपूरच्या आफ्रिकन मंडळींसाठी १८७५ साली मोंबासाजवळ वसाहत झाली, तिला फ्रीअरटाउन हे नाव पडले. चुमा १८८२ मध्ये झांजीबारास वारला. मॅथ्यू वेलिंग्टन दीर्घायुषी निघाला. तो मोंबासात १९३५ सालापर्यंत होता.