पंडिता रमाबाईंचा शोक

दुष्काळ म्हणजे काय, हे राणीसावरगावच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. १९७२ साल मराठवाडा विसरलेला नाही. पंडिता रमाबाईंना तो वयाच्या सोळाव्या वर्षी भेटला. १८७४ मध्ये दक्षिणेतील भ्रमंतीत वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. मागे उरली तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून पुण्यात उठलेल्या वादळाची चर्चा पुष्कळ झाली. त्या श्रद्धेने त्यांच्या शोकाचे काय केले, याची फारशी झाली नाही. शोक पुसला गेला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु क्रूसावर यातना भोगणारा देव दुःखितांच्या पंक्तीत बसतो, त्यांना वरून न्याहाळत नाही, ही ख्रिस्ती धारणा त्यांनी अंगी बाणवली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. ज्या भुकेने आपले घर गिळले, तिच्या तोंडून त्यांनी परक्यांच्या शेकडो लेकी सोडवून आणल्या. त्यांच्यासाठीच केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. मुक्तीचा भार वाहणारी ही एकुलती लेक; परभणीप्रमाणेच तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास तिने शाळा काढली होती. त्रेसष्ट वर्षांच्या आईपुढे हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत उतरत असलेले बायबल होते. ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते.